पडद्यावरचा मुसलमान : धंदा, भाषा आणि शेजार

सिनेमा हा समाजाचा आरसा आहे, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. आम्ही आता तेच वाक्य विद्यार्थ्यांच्या वहीत तपासतो. परंतु आरसा समोर उभ्या असलेल्याचेच रूप दाखवतो. पडद्यावर मुसलमान म्हणून जो माणूस गेली सत्तर-ऐंशी वर्षे दाखवला गेला, तो अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णाकाठच्या मोहल्ल्यांत, बाळापूर-पातूर-अकोटच्या बाजारात आम्हाला फारसा भेटलेला नाही. मग तो कोणाचा चेहरा आहे? आणि आपला चेहरा कुठे आहे? या प्रश्नाच्या अनुषंगाने काही जुन्या आणि काही नव्या चित्रपटांचा विचार येथे करावयाचा आहे.

चित्रपट पाहूच नये असे मानणारा एक वर्ग आपल्या समाजात आहे. त्यांच्या मताचा आदर राखून एवढेच म्हणावेसे वाटते की, जो सिनेमा पाहत नाही त्याच्याविषयीही सिनेमा बोलत असतो, आणि ते बोलणे त्याचा शेजारी ऐकत असतो. म्हणून या विषयाकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही.

चित्रपट तपासण्यासाठी आम्ही तीन साधे प्रश्न घेतले आहेत. पडद्यावरचा मुसलमान पोटासाठी काय करतो? तो कोणती भाषा बोलतो? आणि त्याच्या शेजारी कोण राहते? चित्रपटाची कलात्मकता, संगीत, छायाचित्रण यांवर जाणकारांनी भरपूर लिहिले आहे. आमचे प्रश्न मोहल्ल्यातले आहेत.

नवाबांची दुनिया

आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी आजही ज्या चित्रपटांची नावे आदराने घेतात त्यांत 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे महबूब' (१९६३) आणि 'पाकीज़ा' (१९७२) ही नावे हमखास असतात. ज्याला 'मुस्लिम सोशल' म्हणत त्या प्रकारचे हे चित्रपट. नक्षीदार महिराबी, झुंबरे, शेरवानी, नकाबाआडचे डोळे, मुशायरे आणि पावलोपावली तहजीब. शकील बदायुनींचे शब्द, नौशाद आणि रवी यांचे संगीत. 'पाकीज़ा' पूर्ण करताना कमाल अमरोहींची कित्येक वर्षे गेली आणि तो प्रदर्शित झाल्यानंतर काही आठवड्यांतच, ३१ मार्च १९७२ रोजी, मीनाकुमारी गेल्या. त्यामुळे त्या चित्रपटाभोवती एक वेगळेच दुःख दाटले आहे.

या चित्रपटांनी आपल्या मनाला मोठा दिलासा दिला हे मान्य केले पाहिजे. फाळणीनंतर ज्या समाजाकडे संशयाने पाहिले जात होते, त्याच्या भाषेला आणि अदबीला लाखो प्रेक्षकांनी तिकीट काढून दाद दिली. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आमचे तीन प्रश्न लावून पाहा. यातला माणूस धंदा काय करतो? बहुधा काहीच नाही. तो नवाब आहे किंवा नवाबाचा मित्र आहे. 'मेरे महबूब'मधला नवाब कर्जात बुडालेला आहे, हवेली हातातून जाण्याची वेळ आली आहे, तरी रुबाब सुटत नाही. उत्तर प्रदेशातील जमीनदारी पन्नासच्या दशकात कायद्याने संपली आणि सिनेमा साठच्या दशकात तिचा शोक करत बसला. तो शोक लखनौचा होता. आपल्या वऱ्हाडात अचलपूरची इमादशाही सोळाव्या शतकातच संपली. येथला मुसलमान पिंजारी होता, बागवान होता, मणियार, अत्तार, तांबोळी, कुरेशी होता. तो कापसाच्या जिनात आणि डाळ मिलमध्ये राबणारा होता. त्याच्या घरात झुंबर नव्हते. तरीही त्याने पडद्यावरच्या झुंबराला आपले मानले.

भाषेचे तर विचारूच नका. त्या चित्रपटांतील उर्दू नितांत सुंदर आहे आणि उर्दू माध्यमाचे शिक्षक म्हणून आम्ही तिच्यावर प्रेम करतो. पण आमच्या वर्गातील मुले घरी जी बोली बोलतात ती वेगळी आहे. तिच्यात मराठीचा 'नको' हा 'नक्को' होऊन बसला आहे, तिची वाक्ये वऱ्हाडी हेल काढत चालतात. हीच दखनी परंपरा औरंगाबादच्या वलीला दिल्लीपर्यंत घेऊन गेली होती, आणि उत्तरेतल्या शायरांनी तिच्याकडे पाहून फारसी सोडून रेख्त्यात लिहायला सुरुवात केली, हे आपण विसरलो. मुले मात्र सिनेमातली उर्दू ऐकून आपल्या आईची बोली 'गलत' आहे असे समजतात. लखनौची उर्दू त्यांना येत नाही, आईची बोली बोलण्याची लाज वाटते, आणि मराठीच्या तासाला तोंड उघडत नाहीत. तीन भाषांच्या मध्ये उभे असलेले मूल मुके होते. याचा सगळा दोष चित्रपटांचा नाही. परंतु 'मुसलमान म्हणजे अशी उर्दू' हे समीकरण पक्के करण्यात त्यांचा वाटा आहे.

कुर्बानी देणारा

त्याच काळात आणि पुढे सत्तरच्या दशकात दुसरा एक मुसलमान पडद्यावर स्थिर झाला. तो नेक असतो, दिलदार असतो आणि दुसऱ्याच्या कामी येतो. 'धूल का फूल' (१९५९) मधला अब्दुल रशीद टाकून दिलेले मूल वाढवतो. 'ज़ंजीर' (१९७३) मधला शेरखान दोस्तीसाठी जान द्यायला तयार असतो. 'शोले' (१९७५) मधले इमामसाहेब आंधळे आहेत. त्यांचा एकुलता मुलगा अहमद बिडीच्या कारखान्यातील नोकरीसाठी जबलपूरला निघतो आणि डाकूंच्या हाती मारला जातो. गावकरी कच खात असताना हाच बाप गावाला हिंमत देतो. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला अकबर एका दर्जीच्या घरी वाढलेला आहे, कव्वाली गातो, सर्वांना हसवतो. जन्माने मात्र तो किशनलालचा मुलगा आहे.

यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ए. के. हंगल यांचे इमामसाहेब आजही डोळ्यांत पाणी आणतात. बिडी कारखान्याचा तो एक उल्लेखही किती खरा आहे पाहा! मध्य प्रदेशात आणि विदर्भात बिडीने हजारो घरे जगवली. पण या माणसांना स्वतःचे असे काही मागणे नसते. ते देतात, सोसतात, मरतात. त्यांचा चांगुलपणा हीच त्यांची ओळखपत्रिका. चांगला असेल तरच तो आपला, ही अट येथे नकळत तयार झाली. पुढे ही अट फार महाग पडली.

सलीम मिर्झांचा जोड्यांचा कारखाना

या पार्श्वभूमीवर एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' वेगळा उठून दिसतो. १९७३ साली तयार झालेला हा चित्रपट सेन्सॉरने काही काळ अडवून धरला आणि १९७४ मध्ये तो लोकांसमोर आला. कथा इस्मत चुगताईंची, पटकथा कैफी आझमी आणि शमा ज़ैदी यांची. सलीम मिर्झा आग्र्यात जोडे बनवण्याचा कारखाना चालवतात. येथे पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळते! फाळणी म्हणजे त्यांच्यासाठी नकाशावरची रेघ नाही. फाळणी म्हणजे बँकेने नाकारलेले कर्ज. सावकार विचार करतो, हाही उद्या पाकिस्तानात गेला तर? फाळणी म्हणजे भाड्याने घर न मिळणे. हवेली सोडायची नाही म्हणून म्हातारी अम्मा सरपणाच्या खोलीत लपून बसते, तो प्रसंग ज्याने पाहिला तो विसरणार नाही.

बलराज सहानी या चित्रपटाचे प्रदर्शन पाहू शकले नाहीत. एप्रिल १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. मूळच्या पंजाबातल्या या हिंदू नटाने इकडेच राहिलेल्या मुसलमानाचे दुःख असे उभे केले की आजही भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो तेव्हा सलीम मिर्झा आठवतात. शेवटी ते स्टेशनकडे निघालेला टांगा थांबवतात आणि मुलाच्या मागोमाग कामगारांच्या मोर्चात शिरतात. अडचण सर्वांची आहे आणि ती सर्वांसोबत मांडायची आहे, हा त्या शेवटाचा अर्थ. सिनेमातील मुसलमान येथे प्रथमच स्वतःसाठी काही मागतो.

याच वाटेवर सईद अख्तर मिर्झांचा 'सलीम लंगड़े पे मत रो' (१९८९) येतो. मुंबईतील गल्लीत भुरट्या गुन्हेगारीत अडकलेला सलीम आणि त्याच्या बहिणीसाठी सांगून आलेला, उर्दू वृत्तपत्रात प्रूफ तपासणारा गरीब पण शिकलेला अस्लम. अस्लमसारखी माणसे आम्हाला शिक्षकांच्या खोलीत रोज भेटतात, पडद्यावर मात्र क्वचितच. त्यानंतरच्या 'नसीम' (१९९५) मध्ये १९९२ च्या जून ते डिसेंबर या महिन्यांत शाळकरी नात आणि अंथरुणावरचे आजोबा यांच्या गप्पा चालतात. आजोबा झाले आहेत स्वतः कैफी आझमी. ६ डिसेंबरला आजोबा जातात. हे चित्रपट आपल्या गावच्या टॉकीजमध्ये फारसे चालले नाहीत. आपणही त्यांच्यासाठी रांग लावली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

बायकांचा प्रश्न

१९८२ साली दोन चित्रपट आले. बी. आर. चोप्रांचा 'निकाह' आणि सागर सरहदींचा 'बाज़ार'. 'निकाह' तुफान चालला. त्यातली निलोफर शेवटी दोन्ही नवऱ्यांना विचारते की, एकाने सोडावे आणि दुसऱ्याने परत द्यावे अशी मी वस्तू आहे काय? प्रश्न खरा होता. पण तो पुन्हा नवाबाच्या दिवाणखान्यात विचारला गेला. 'बाज़ार'मध्ये हैदराबादची गरीब घरातली शबनम आखातातून आलेल्या वयस्क माणसाला लग्नाच्या नावाने विकली जाते. येथे जुलमाचे मूळ गरिबीत आहे आणि त्या सौद्यात घरचेच सामील आहेत, हे दिग्दर्शक लपवत नाही.

मराठीत हा प्रश्न यायला पस्तीस वर्षे लागली. राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी 'हलाल' केला, तो ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी दीडच महिना, २२ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक अवैध ठरवला होता. त्यामुळे चित्रपटाकडे पाहणारा प्रत्येकजण आधीच एका बाजूला उभा होता. आपल्यातील काहींना वाटले की आपली बदनामी होते आहे. काही इतरांना आपल्यावर बोट ठेवण्याची सोय झाली. या गदारोळात मूळ गोष्ट हरवली. 'हलाल'मधली माणसे महाराष्ट्राच्या खेड्यातली आहेत, मराठी बोलतात, आणि कथा आपल्यातल्याच लेखकाने लिहिली आहे. १९६६ मध्ये हमीद दलवाईंनी मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा काढला तेव्हाही 'घरातली गोष्ट बाहेर का?' असेच विचारले गेले होते. आमच्या वर्गातील मुली उद्या ज्या घरांत जाणार आहेत त्या घरांविषयी कोणी आपुलकीने लिहीत असेल तर त्याला बदनामी म्हणू नये. बदनामी आणि टीका यांतला फरक लिहिणाऱ्याच्या नजरेत असतो. तो माणूस शेजारी बसून बोलतो आहे की दुरून दगड मारतो आहे, एवढे पाहावे.

गझल गाणारा संशयित

'सरफ़रोश' (१९९९) हा तंत्राने उत्तम चित्रपट. त्यातील गझलगायक गुलफाम हसन प्रत्यक्षात शत्रूचा हस्तक निघतो. नसीरुद्दीन शाह यांनी काम अप्रतिम केले आहे. परंतु विचार करा, १९६३ मध्ये जी गझल तहजीबीची खूण होती तीच १९९९ मध्ये संशयाची खूण झाली. त्याच चित्रपटातील इन्स्पेक्टर सलीमला आपली निष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते. आधी सांगितलेली अट आता उघडपणे बोलली जाऊ लागली.

याला उत्तर देणारे चित्रपटही झाले. 'मुल्क' (२०१८) मध्ये बनारसचे वकील मुराद अली मोहम्मद यांच्या पुतण्याच्या गुन्ह्यासाठी सारे घर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते आणि वर्षानुवर्षांचा शेजार एका रात्रीत पालटतो. 'गली बॉय' (२०१९) मधला मुराद धारावीत राहतो, बाप ड्रायव्हर आहे, मुलगा मुंबईच्या रोजच्या भाषेत गातो. पण आम्हाला या सर्वांत जवळचा वाटतो तो नागेश कुकुनूर यांचा 'इक़बाल' (२००५). शेतकऱ्याचा ऐकू-बोलू न शकणारा मुलगा, म्हशी राखतो, त्याला वेगवान गोलंदाज व्हायचे आहे. धाकटी बहीण खदिजा त्याची जीभ होते. बापाचे म्हणणे, शेती पाहा. तो मुसलमान आहे ही गोष्ट चित्रपटात समस्या म्हणून कुठेच येत नाही. त्याचा शत्रू गरिबी आहे आणि क्रिकेटमधला भ्रष्टाचार आहे. ही भूमिका श्रेयस तळपदे या मराठी नटाने केली आहे. आमच्या वर्गातील मुलांनी 'इक़बाल' पाहून टाळ्या वाजवल्या त्या धर्मासाठी नव्हेत, यॉर्करसाठी.

मराठी पडद्यावरचा शेजारी

आता मराठीकडे येऊ. १९४१ मध्ये प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'शेजारी' आणि त्याचीच हिंदी आवृत्ती 'पडोसी' काढली. कथा विश्राम बेडेकरांची. एका गावात पाटील आणि मिर्झा हे जिवाभावाचे शेजारी. धरण बांधायला आलेला धनिक त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी फुटणाऱ्या धरणावर दोघे पुन्हा भेटतात आणि एकत्रच जातात. मिर्झाचे काम आपल्या अमरावतीत जन्मलेले गजानन जागीरदार यांनी केले आणि हिंदी आवृत्तीतील ठाकूर मज़हर खान यांनी. हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू! लाहोरचा ठराव झालेला होता, अशा वेळी हा चित्रपट निघाला. त्यात भांडणाचे कारण धर्म नाही. जमिनीवर आणि पाण्यावर डोळा असलेला माणूस धर्म वापरतो, असे तो सांगतो. इतके स्वच्छ विश्लेषण पुढच्या ऐंशी वर्षांत फार थोड्यांनी केले. वीस वर्षांनी 'प्रपंच' (१९६१) मध्ये आपले बार्शीचे शाहीर अमर शेख गरीब कुंभार झाले, तेव्हा हा नट मुसलमान आहे, कुंभार कसा शोभेल, असे कोणाला वाटले नाही.

अलीकडच्या मराठीत 'टिंग्या' (२००८) हा आमच्या मते फार मोलाचा चित्रपट आहे. मंगेश हाडवळे यांच्या या चित्रपटात जखमी झालेला बैल खाटकाला विकण्याची पाळी शेतकरी बापावर येते. मुलाची मैत्रीण रशिदा. तिची नानी आजारी आहे. नानी म्हातारी झाली म्हणून तिला कोणी विकत नाही, मग माझ्या चितंग्यालाच का? हा टिंग्याचा प्रश्न. बैल, खाटीक आणि मुसलमान हे तीन शब्द एकत्र आले की आज काय होते ते आपण जाणतो. या चित्रपटात ते तिन्ही आहेत आणि द्वेषाचा लवलेशही नाही, कारण कॅमेरा कर्जाकडे रोखलेला आहे. 'सैराट' (२०१६) मधला सलीम शेखही तसाच. तो परशाचा मित्र, त्याच मातीतली मराठी बोलणारा, मित्रासाठी मार खाणारा. त्याच्या मुसलमान असण्यावर भाषण नाही. त्याला 'सल्या' म्हणून हाक मारतात, जशी आपल्या गल्लीत मारतात.

पडद्यावरून गल्लीत

मे २०२३ मध्ये 'द केरळ स्टोरी' प्रदर्शित झाला. हजारो मुलींच्या धर्मांतराचा, बत्तीस हजारांचा आकडा त्याच्या जाहिरातीत होता. पुढे तो तीनवर आला, आणि त्या आकड्याला अधिकृत आधार नाही अशी सूचना चित्रपटाला जोडण्याचे निर्मात्यांना सर्वोच्च न्यायालयापुढे मान्य करावे लागले. परंतु त्याआधीच, १३ मे २०२३ च्या रात्री, या चित्रपटावरून समाजमाध्यमावर झालेल्या वादातून आमच्या जुन्या शहरात दंगल उसळली. एका माणसाचा जीव गेला, अनेक जखमी झाले, गाड्या जळल्या, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. रोज कमावून रोज खाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या घरांत चुली थंड राहिल्या. त्यांतील किती जणांनी तो चित्रपट पाहिला होता? २०२५ मध्ये याच चित्रपटाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.

त्याच वर्षी 'छावा' आला. छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानाबद्दल आमच्या मनात आदर आहे, आणि औरंगजेबाची वकिली करण्याची आम्हाला गरज वाटत नाही. तो आमचा कोणी लागत नाही. पण १७ मार्च २०२५ ला नागपुरात कबरीच्या वादातून हिंसा झाली, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाचा हिशेब आजच्या रिक्षावाल्याकडे आणि फळविक्याकडे मागितला गेला. आमचे तीन प्रश्न येथे लावून पाहावेत. 'द केरळ स्टोरी'त मुसलमानाला कट रचण्यापलीकडे धंदा नाही, आणि त्याच्या शेजाराला फशी पाडण्यापलीकडे अर्थ नाही. ज्याला धंदा नाही, घर नाही, शेजार नाही, त्याची भीती वाटणे सोपे जाते. रोज ज्याच्याकडून आपण गादी भरून घेतो त्याची भीती घालणे कठीण असते.

म्हणून बंदीची मागणी करून भागणार नाही. बंदीने तो चित्रपट आणखी पाहिला जातो आणि आपली गोष्ट तशीच न सांगता राहते. आपल्या हातात दोन कामे आहेत. शिक्षकांनी 'शेजारी', 'गर्म हवा', 'इक़बाल', 'टिंग्या' हे चित्रपट मुलांना दाखवावेत, उर्दू आणि मराठी शाळांनी मिळून दाखवावेत, आणि नंतर त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यावे. आणि मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनी नवाब व हुतात्मे सोडून आसपास पाहावे. कापूस पिंजून पिंजून छातीचा आजार जडलेला पिंजारी, डाळ मिलमध्ये पोती वाहणारा हमाल, अकोटच्या सतरंजीवर बसून दहावीचा अभ्यास करणारी मुलगी, पोळ्याला शेजाऱ्याच्या बैलाच्या झुलीला टाके घालणारा दर्जी. राजन खान यांच्या कथेवर चित्रपट निघू शकतो तर यांच्यावरही निघेल. त्यासाठी आधी ही माणसे मराठीत लिहिली गेली पाहिजेत, आणि त्यांच्या तोंडी 'नक्को'च असले पाहिजे.